बक्षीस बंद केलंत, कारण तरी धड द्या: संगीत स्पर्धा समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि समितीतली सगळी वडीलधारी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर तुमचा मेसेज आला. यंदापासून इलेक्ट्रॉनिक संगीतरचना हा गट रद्द, ज्यांनी नावं दिलीत त्यांनी खुल्या सुगम गटात यावं, साथीला पेटी-तबला आवश्यक. बास, एवढंच. खाली चार जणांनी हात जोडले, एकानं "योग्य निर्णय" लिहिलं, लगेच कुणीतरी कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकल्या आणि विषय संपला. मी तिथंच उत्तर टाईप करायला घेतलं होतं पण ते इतकं लांबत गेलं की टाकलं असतं तर ॲडमिननं मलाच ग्रुपमधून काढलं असतं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय.

आधी मी कोण ते सांगतो. मी काही नावाजलेला संगीतकार वगैरे नाही. सांगलीच्या गावभागात माझं इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरीचं छोटं दुकान आहे. ॲम्प्लिफायर, मिक्सर, माईक येतात, पण सगळ्यात जास्त काय येत असेल तर इलेक्ट्रॉनिक तानपुरे. बटण गेलेलं, स्पीकर फाटलेला, पावसाळ्यात ओल धरलेली सर्किटं. सांगली-मिरजेतल्या कितीतरी क्लासवाल्यांचे आणि गायकांचे तानपुरे माझ्या टेबलावरून गेलेत, तुमच्यातल्या काही जणांचेही गेलेत, आणि ते बिघडले की "उद्या संध्याकाळी कार्यक्रम आहे रे बाबा, काहीही कर पण चालू करून दे" असे फोन मला येतात. मी करून देतो, आनंदानं देतो. आणि रात्री शटर अर्धं खाली ओढून त्याच टेबलावर कॉम्प्युटर लावून माझ्या रचना करत बसतो. तुमचा हा गट सुरू झाल्यापासून मी भाग घेतोय, बक्षीस एकदाही मिळालं नाही, त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. ज्यांना मिळालं त्यांची कामं खरंच चांगली होती. तक्रार आहे ती गटच बंद करण्याची, आणि ज्या तऱ्हेनं केलात त्याची.

मेसेजमध्ये कारण नव्हतं म्हणून मी तुमच्यापैकी एका काकांना फोन केला. त्यांचं नाव इथं घेत नाही, माणूस मनानं चांगला आहे. ते म्हणाले, "अरे, आम्ही इकडं डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाच्या सभेत भाषणं करायची आणि तिकडं डॉल्बीच्या संगीताला बक्षीस द्यायचं? लोक तोंडात शेण घालतील."

काका, डॉल्बीच्या विरोधात मीही आहे. विसर्जन मिरवणूक दारावरून जाते तेव्हा माझ्या दुकानाची काच थरथरते आणि आईला मी आतल्या खोलीत नेऊन बसवतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल एवढीच मर्यादा आहे, ती कुणी पाळत नाही हे आपण सगळेच बघतो. पण त्या स्पीकरच्या भिंतीवर तुम्ही अभंग लावला तरी काच थरथरणारच की! तो प्रश्न वॅटचा आहे, परवानगीचा आहे, पोलिसांचा आहे. आम्ही ज्या रचना पाठवतो त्यातल्या बऱ्याचशा तर इतक्या बारीक आवाजाच्या असतात की पंखा बंद केल्याशिवाय नीट ऐकू येत नाहीत. गेल्या वेळच्या एंट्र्या ऐकल्या असत्या तर हा गैरसमज झालाच नसता, आणि त्या का ऐकल्या गेल्या नाहीत त्यावर पुढं येतो.

दुसरं कारण काकांनी सांगितलं ते म्हणजे "हे आपलं नाही, बाहेरचं आहे."

आता हे सांगलीत बसून म्हणायचं म्हणजे कमाल आहे. आपल्या सांगलीतच कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे रिटायर्ड डेप्युटी कलेक्टर तारांची लांबी मोजत, आकडे मांडत बावीस श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म सुरांचा हिशोब करत बसले होते, १९१० साली त्यांचं त्यावर इंग्रजीत पुस्तक निघालं. क्लेमंट्स नावाचा एक इंग्रज आयसीएस अधिकारी त्यांच्या नादाला लागला आणि त्यातून श्रुती हार्मोनियम तयार झाली. या सगळ्या प्रयोगांत त्यांच्याबरोबर कोण होतं? अब्दुल करीम खाँसाहेब. ज्यांच्या नावानं आपण मिरजेच्या दर्ग्यात दरवर्षी गायला-ऐकायला बसतो ते. एवढा मोठा गवई माणूस, आवाज मोजणाऱ्याला "हे आपलं नाही" असं म्हणाला नाही, त्याच्याबरोबर कामाला लागला.

आणि तुम्ही आम्हाला जी पेटी "आवश्यक" केलीत ना, तिची तर गंमतच आहे. बाहेरून आलेलं वाद्य, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती चुकतात म्हणून १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली होती आणि ती थेट १९७१ साली कुठं सैल झाली. तीस वर्षं! त्या काळातले पेटीवाले काय म्हणत असतील त्याचा जरा विचार करा. आज त्याच पेटीशिवाय एंट्री घेणार नाही असं तुम्ही म्हणताय.

बरं, इलेक्ट्रॉनिक संगीत तरी आपल्याकडं काल-परवा आलं का, तर तसंही नाही. १९६९ साली अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या राष्ट्रीय संस्थेत अमेरिकेचा संगीतकार डेव्हिड ट्यूडर येऊन मूग सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर आवाज तयार करणाऱ्या यंत्राचा स्टुडिओ बसवून गेला. गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा आपल्या लोकांनी तिथं टेपवर काम केलं. तीन-चार वर्षांत ते सगळं थंडावलं, टेपा तिथंच पडून राहिल्या, आणि पुढं पॉल पर्गस नावाच्या लंडनच्या कलाकारानं त्या शोधून काढल्यावर २०२३ साली त्यांचा अल्बम निघाला. म्हणजे आपल्या लोकांनी आपल्या देशात केलेलं काम आपल्याला कळायला पन्नास वर्षं आणि परदेशातला माणूस लागला. चरणजित सिंग यांचंही तेच. मुंबईतला हा वादक, १९८२ साली रोलंड कंपनीच्या तीन इलेक्ट्रॉनिक मशीनवर दहा राग वाजवून रेकॉर्ड काढतो, ती कुणी घेत नाही, आणि २०१० मध्ये ती परत निघाल्यावर जगभरचे लोक म्हणतात अरे, हे तर शिकागोच्या ॲसिड हाऊस या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतासारखं वाजतंय आणि तेही त्याच्या आधीचं! तोपर्यंत सिंगसाहेब सत्तरीच्या घरात. वेळेवर कुणीतरी कान दिला असता तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

मला बक्षीस हवं ते त्यासाठी. रक्कम तुमची पाच हजार आहे, त्यात माईक कॉम्प्युटरला जोडायचा एक बरा ऑडिओ इंटरफेससुद्धा येत नाही. पण कुणीतरी बसून शेवटपर्यंत ऐकणार आहे, नंतर बरं-वाईट सांगणार आहे, हे माहीत असलं की माणूस काम पुरं करतो. आमच्यासारख्यांची निम्मी कामं अर्धवटच राहतात कारण ती कुणासाठी पुरी करायची हेच कळत नाही. फ्रान्समध्ये बूर्जला १९७३ पासून खास या संगीताची स्पर्धा भरत होती, ऑस्ट्रियात लिंझला १९८७ साली कॉम्प्युटर संगीताचं बक्षीस सुरू झालं, जर्मनीत कार्ल्सरूहला झेडकेएम या कलाकेंद्रवाले २००७ पासून गिगाहर्ट्झ पुरस्कार देतात. अमेरिकेत तर १९७० सालीच चार्ल्स वुओरिनेन यांच्या पूर्ण इलेक्ट्रॉनिक रचनेला संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. कार्ल्सरूहला पाठवायला मला कुणी अडवलेलं नाही, पण तिथल्या परीक्षकाला बेदाण्याचा सौदा, म्हणजे लिलाव, काय असतो ते माहीत नसतं. तुम्हाला माहीत असतं.

बेदाण्याचं मुद्दाम काढलं. गेल्या वेळी तासगावकडच्या एका पोरीची रचना होती, घरची द्राक्षबाग आहे त्यांची. बेदाण्याच्या सौद्यात बॉक्स फोडून मूठभर माल बघायचा आणि खाली उधळून द्यायचा ही पद्धत तुम्हाला ठाऊक आहे, शेतकरी त्यावरून किती वर्षं ओरडतायत तेही ठाऊक आहे. या पोरीनं फरशीवर पडणाऱ्या त्या बेदाण्यांचा आवाज मोबाईलवर घेतला. मग त्याचे सेकंदाच्या विसाव्या-पन्नासाव्या भागाएवढे तुकडे केले आणि एकेक तुकडा वेगळ्या पट्टीत, वेगळ्या दाटीनं परत पेरत गेली. याला ग्रॅन्युलर सिंथेसिस म्हणतात. सुरवातीला वाटतं पत्र्यावर पाऊस पडतोय, मग पाऊस दाट होत होत त्याचा एक अखंड सूर होतो, आणि त्या सुराच्या आत कुठंतरी सौदे पुकारणाऱ्याचा आवाज वर येतो न येतो तोच परत बुडतो. सात मिनिटं. शेवटी फक्त पायाखाली चिरडल्याचा आवाज. मी त्याच मालावर पोसलेल्या जिल्ह्यातला माणूस, मला ते ऐकून पुढं दोन दिवस दुसरं काही करावंसं वाटेना. आता ही रचना पेटी-तबल्यावर कशी बसवायची ते तुम्हीच सांगा. आणि सुगम गटात शब्द लागतात, ते कुठनं आणायचे?

"बटण दाबलं की होतं" हे तुमचं तिसरं कारण, त्याचं उत्तर यातच आलं खरं तर. तरी माझ्या कामाचं थोडं सांगतो कारण ते मिरजेचं आहे. सतारमेकर गल्लीत मी एका कारागीर चाचांकडं बसायला जातो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पण जवारी काढताना किती जणांनी बघितलंय? घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीनं असा घासायचा की डोळ्याला फरकच दिसू नये. तार चढवायची, छेडायची, ऐकायची, परत उतरवायची, परत दोन हात कानस. मग तानपुऱ्याच्या तारेखाली सुती दोरा सरकवायचा, केसभर पुढं, केसभर मागं, आणि एका जागी आला की तो मेलेला आवाज अचानक फुलतो. होतं काय, की तार घोडीच्या उतारावर नुसती टेकत-सुटत राहते आणि त्यामुळं मूळ सुराच्या वरचे बारीक सूर एकामागून एक जागे होतात. चाचा हे कानानं करतात, त्यांना फ्रिक्वेन्सी विचारली तर हसतात. त्यांची परवानगी घेऊन मी भोपळ्याला एक पिझो चिकटवला, कंपनं पकडणारी दोन-अडीचशे रुपयांची चकती, आणि दोरा सरकतानाचा आवाज रेकॉर्ड केला. तो आठपट संथ केल्यावर एकेक वरचा सूर वेगळा येताना ऐकू येतो, आधी खालचे, मग वरचे, आणि मागं कानशीची खरखर एखाद्या श्वासासारखी. यातलं काय ठेवायचं, काय काढायचं, कुठं गप्प बसायचं हे ठरवायला मला आख्खा पावसाळा गेला. बटण कुठलं ते मला तरी सापडलेलं नाही. चाचांनी ती रचना माझ्या हेडफोनवर ऐकली, डोळे मिटून, आणि म्हणाले पंचमाची तार जरा उतरलीय. उतरली होतीच.

एआयचं म्हणाल तर ती भीती मला पटते. आजकाल एक ओळ टाईप केली की गाणं तयार होऊन येतं आणि उद्या तसलं कुणीतरी आणून बक्षीस मागणार, हे खरं आहे. पण ते सुगम गटात येणार नाही असं तुम्हाला वाटतं का? असली तयार चाल आधी तिथंच येईल. आमच्या गटात उलट तपासणं सोपं आहे. प्रोजेक्ट फाईल (जिच्यात रचनेचा एकेक थर वेगळा दिसतो ती) उघडून दाखव म्हणा, कच्चं रेकॉर्डिंग ऐकव म्हणा, हा आवाज कुठनं आणलास ते दहा मिनिटं बसून सांग म्हणा. ज्यानं काम केलंय तो दहाच्या जागी चाळीस मिनिटं बोलेल, त्याला गप्प करायचीच पंचाईत होईल.

आता जरा कडू बोलतो.

गेल्या वेळी परीक्षण मागच्या खोलीत ब्लूटूथ स्पीकरवर झालं. मी तिथं साउंडच्या मदतीला होतो म्हणून मला माहीत आहे. डावा-उजवा आवाज एकाच डब्यातून, बाहेर चहाच्या कपांचा आवाज, आणि प्रत्येक रचना दीड-दोन मिनिटांत बंद. बेदाण्याचा तो सूर चौथ्या मिनिटाला येतो. म्हणजे तो कुणी ऐकलाच नाही. गायकाला बंदिशीचा मुखडा झाल्यावर "बास, उठा" म्हटलं तर चालेल का तुम्हाला?

परीक्षकांत या विषयातलं कुणीच नव्हतं. जे होते त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, एकांच्या गाण्यावर तर मी लहानाचा मोठा झालोय, पण त्यांनी स्वतःच सांगितलं की मला यातलं कळत नाही, तुम्ही काय लिहाल त्यावर सही करतो. हे त्यांच्यावरही अन्यायाचं आहे. आणि मग गुणपत्रिकेत एक रकाना आला, सोशल मीडियावरचे व्ह्यूज. कुणी सुचवला माहीत नाही पण तो तिथं नको होता.

फी तर तुम्ही घेऊन बसला आहात. गट रद्द केल्याचा मेसेज फी भरायची तारीख उलटल्यावर आला. कॉलेजची पोरं आहेत त्यात, एकानं एसटीचा पास महिनाभर न काढता भरलीय. "सुगम गटात या" हा काही फी परत करण्याला पर्याय होत नाही.

आणि हे सगळं ठरलं कधी, कुठल्या बैठकीत, कोण कोण हजर होतं, कुणाला काही कळलेलं नाही. आम्हाला बोलावून विचारलं असतं तर आम्ही आलो असतो. कदाचित तुमची खरी अडचण पैशाची असेल किंवा हॉलची असेल, तर तसं सांगा ना. मी स्पीकर फुकट लावून देतो, लेखी घ्या माझ्याकडनं.

तर मागण्या अशा आहेत:

१. गट रद्द केल्याचा निर्णय मागं घ्या. ते जमणारच नसेल तर कारण लेखी द्या आणि सगळ्यांची फी परत करा, पुढच्या वर्षात वळती वगैरे नको.

२. परीक्षकांत निदान एक जण या क्षेत्रातला असू दे. पुण्या-मुंबईहून यायचं भाडं परवडत नसेल तर फाईल पाठवून घरबसल्या ऐकू दे, पण हेडफोनवर आणि पूर्ण.

३. प्रत्येक रचना शेवटपर्यंत ऐका. वेळेची मर्यादा हवी तर दहा मिनिटं ठेवा, आम्ही पाळू. चांगले दोन स्पीकर, शांत खोली आणि वेव्ह फाईल, म्हणजे आवाज न दाबलेली. व्हॉट्सॲपवर आलेली नको, त्यात आवाजाचं पार भजं होतं.

४. व्ह्यूजचा रकाना काढून टाका.

५. एआय किती वापरलं, दुसऱ्याचा आवाज कुठं घेतला हे फॉर्मवरच लिहून घ्या, आणि शंका आली तर प्रोजेक्ट फाईल बघा.

६. बक्षीस मिळालेल्या रचना लोकांना ऐकवा. गाण्याच्या मुख्य कार्यक्रमाआधी अर्धा तास, हॉलमधले दिवे कमी करून. लोक उठून गेले तर गेले.

रक्कम वाढवा असं कुठंही म्हटलेलं नाही, हे बघून घ्या. हवं तर रक्कम शून्य करा आणि बाकीचं सगळं द्या.

एक गोष्ट स्पष्ट करतो, हे पत्र तुमच्या स्पर्धेवर बहिष्कार टाकायला लिहिलेलं नाही. शास्त्रीय गटाच्या दिवशी मी नेहमीसारखा मागच्या रांगेत असणार, आणि कुणाचा तानपुरा ऐनवेळी बंद पडला तर मलाच हाक मारा. ज्यांनी नावं दिली होती त्यांच्याशी मी बोललोय, त्यातल्या बहुतेकांची या पत्राला संमती आहे, नावं मात्र टाकलेली नाहीत कारण पुढंमागं त्यांना तुमच्याच मंचावर यायचंय. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यावं ही विनंती. ज्या ग्रुपवर गट रद्द केल्याचा मेसेज टाकला होता त्याच ग्रुपवर टाका म्हणजे सगळ्यांना एकदमच कळेल. समक्ष बोलायचं असेल तर दुकान रविवार सोडून रोज रात्री नऊपर्यंत उघडं असतं, ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी बेदाण्याची रचना त्या पोरीची परवानगी घेऊन ठेवलीय, स्पीकरही जोडलेले आहेत.

आपला नम्र,
गावभागातला एक रिपेअरवाला, सांगली